भंगारवाला पैसे देतो, मग कायदा कशाला? ई-कचऱ्याचा पाठ शिकवताना



ई-कचऱ्याचा पाठ शिकवायला तसा सोपा. फळ्यावर मोबाइल, संगणक, टीव्ही, चार्जर, रिमोट अशी नावं लिहायची, 'हा कचरा घातक असतो, तो इकडेतिकडे टाकू नये' असं सांगायचं आणि स्वाध्याय द्यायचा. खरी अडचण येते ती एखाद्या चुणचुणीत मुलानं हात वर केल्यावर. "सर, आमचा जुना टीव्ही भंगारवाल्यानं पैसे देऊन नेला. मग तो कचरा कसा काय?"

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं, कारण सगळा विषय त्याच्यातच आहे. ज्या वस्तूचे रोख पैसे मिळतात तिला कचरा का म्हणायचं? आणि लोक आपणहून विकत घेतात ती वस्तू नीट गोळा व्हावी म्हणून सरकारला नियम का करावे लागतात? आपल्याकडे रद्दी तर अशा कायद्याची वाट न बघताच गोळा होत आली आहे. या लेखात याच प्रश्नाचं उत्तर शोधूया. वर्गात सांगताना इयत्तेप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

एकाच पाटीवर सोनं आणि शिसं

मोबाइल किंवा संगणक उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. या पाटीवर तांब्याच्या रेषा असतात, जोडांवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, थोडी चांदी असते, पॅलेडियम असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानुसार दहा लाख मोबाइलमधून साधारण १५,९०० किलो तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम मिळू शकतं. म्हणजे एका फोनमध्ये जेमतेम पाव गुंज सोनं. ऐकायला फार थोडं वाटतं, पण सोन्याच्या खाणीत एक टन दगड फोडला तरी बहुतेक ठिकाणी काही ग्रॅमच सोनं हाती लागतं. त्या मानानं एक टन जुने फोन म्हणजे फारच श्रीमंत खाण झाली.

मुलांना आवडणारं उदाहरण टोकियो ऑलिंपिकचं आहे. जपाननं २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं देशभरातून जुनी उपकरणं गोळा केली. त्यात ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यातून निघालेल्या धातूंपासून टोकियोच्या खेळांची सुमारे ५,००० पदकं बनली. (जाता जाता हेही सांगा की ऑलिंपिकचं सुवर्णपदक मुळात चांदीचं असतं, वर सोन्याचा मुलामा. वर्गात हमखास कुजबुज होते!)

आता याच पाटीची दुसरी बाजू. जुन्या पाट्यांवर सुटे भाग जोडायला जो डाख वापरत तो शिसं आणि कथील यांचा असे. जाड, मागे कुबड असलेल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत तर किलोच्या हिशेबात शिसं असतं. जुन्या सपाट पडद्यांमागच्या नळ्यांत पारा असतो. प्लॅस्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं मिसळलेली असतात आणि असं प्लॅस्टिक उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्यं तयार होतात. सोनं आणि विष असं एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसलेलं आहे. एकाला हात लावायचा तर दुसऱ्याला टाळता येत नाही.

भंगारवाल्याला परवडतं कसं?

आपल्या दारात येणारा भंगारवाला स्वतः काही सोनं काढत नाही. तो वस्तू मोठ्या व्यापाऱ्याला विकतो, तो आणखी पुढे विकतो, आणि चार-पाच हात बदलून माल अशा वस्तीत जातो जिथे तो फोडला जातो. दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही नावं या कामासाठी ओळखली जातात. परदेशात चीनमधलं ग्वियू आणि घाना देशातलं अग्बोग्ब्लोशी ही ठिकाणं यासाठी ओळखली जात.

तिथे काम कसं चालतं? तांबं हवं असेल तर वायरींचा ढीग पेटवून द्यायचा. वरचं प्लॅस्टिक जळून जातं, आत तांब्याची तार उरते. पाटीवरचे भाग सुटे करायला ती शेगडीवर धरायची, डाख वितळला की भाग निखळतात. सोन्यासाठी पाट्या तीव्र आम्लात बुडवायच्या. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, ज्याला आपण अम्लराज म्हणून शिकवतो, ते सोनंसुद्धा विरघळवतं. वरच्या वर्गातल्या मुलांना हे समीकरणासह माहीत असतं. त्या आम्लाचं पुढे काय होतं, हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही. ते गटारात जातं, तिथून नाल्यात, तिथून जमिनीत.

आपण शिक्षक आहोत म्हणून एक गोष्ट इथे जरा थांबून सांगतो. शिसं शरीरात गेलं की सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं. लक्ष लागत नाही, शिकण्याचा वेग मंदावतो, वागण्यात चिडचिड येते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असं सांगता येत नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्वियूमधल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. सरासरी निघाली दर डेसिलिटरमागे १५.३ मायक्रोग्रॅम. शेजारच्याच चेंडियान गावात, जिथे हा धंदा नव्हता, तिथली सरासरी होती ९.९. वर्गात मागच्या बाकावर बसणारं, 'याचं डोकंच चालत नाही' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं ते पोर कुठल्या वस्तीत राहतं, हे विचारण्याची वेळ अशा ठिकाणच्या शिक्षकावर येते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. भंगाराच्या साखळीला चांगला भाव देणं परवडतं, कारण ती पाटीतलं तेवढं मोलाचं काढून घेते. धुराचा खर्च, आम्लाचा खर्च, उरलेल्या शिसेरी काचेचा खर्च तिच्या वहीत कुठेच लागत नाही. तो खर्च वस्तीतली पोरं आणि नाल्याकाठची माणसं भरतात. याउलट नोंदणीकृत कारखान्याला धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवावी लागते, घातक अवशेष विल्हेवाटीच्या अधिकृत ठिकाणी पैसे भरून पाठवावे लागतात, कामगारांना हातमोजे-मुखवटे द्यावे लागतात. म्हणून तोच टीव्ही घ्यायला तो कमी पैसे देतो, कधी काहीच देत नाही.

यात भंगारवाल्याला खलनायक करू नका. दारोदार फिरून, ऊन-पाऊस न बघता वस्तू गोळा करण्याचं जे काम तो करतो ते बऱ्याच नगरपालिकांना जमलेलं नाही. गोळा करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गडबड आहे ती पुढच्या फोडण्यात.

खर्च कुणी भरायचा?

इथे कायद्याचं काम सुरू होतं. वस्तू निकामी झाल्यावर तिची नीट विल्हेवाट लावायला जो जादा खर्च येतो, तो कुणाच्या खिशातून जावा हा खरा वाद आहे. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये एक कल्पना मांडली, की हा भार ज्यानं वस्तू बनवली त्याच्यावर टाकावा. तिला विस्तारित उत्पादक जबाबदारी असं भारदस्त नाव आहे. कल्पना साधी आहे. फोनची बॅटरी स्क्रूनं बसवायची की गोंदानं चिकटवायची, हे कंपनी ठरवते. तोडायचा खर्चही तिलाच पडणार असेल तर ती बनवतानाच विचार करेल.

वेगवेगळ्या देशांनी हे वेगवेगळ्या तऱ्हेनं केलं. स्वित्झर्लंडमध्ये १९९८ पासून याचे नियम आहेत आणि तिथे वस्तू विकत घेतानाच किमतीत पुनर्चक्रणाची थोडी रक्कम भरावी लागते. जपानमध्ये २००१ पासून टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशिन टाकून देताना ग्राहक शुल्क भरतो. घेताना पैसे की टाकताना पैसे, यावर आठवी-नववीत छान वादविवाद घेता येईल. माझं मत विचाराल तर जपानी पद्धत आपल्याकडे चालायची नाही. जुना पंखा विकताना दहा रुपयांवरून घासाघीस करणारे आपण, वरून पैसे देऊन वस्तू देणार होय?

भारतानं भार उत्पादकावर टाकला. पहिले नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यात जबाबदारी होती, पण किती गोळा करायचं याचा आकडाच नव्हता. गृहपाठ करा म्हणायचं, पण कोणता ते सांगायचं नाही, असा प्रकार! दुसरे नियम १ ऑक्टोबर २०१६ पासून आले. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन गोळा करण्याचं लक्ष्य २०१७-१८ साठी १० टक्के ठरलं आणि ते दरवर्षी दहानं वाढत जाणार होतं. पण 'गोळा केलं' हे कागदावर दाखवणं फार कठीण नसतं. गोळा केलेलं पुढे कुठे गेलं?

सध्याचे नियम २०२२ चे आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. यादी पूर्वी २१ प्रकारच्या वस्तूंची होती, ती १०६ वर गेली. त्याहून मोठा बदल म्हणजे मोजमाप गोळा करण्याऐवजी पुनर्चक्रणाचं सुरू झालं. हिशेब कसा होतो ते उदाहरणानं पाहू. समजा एका कंपनीनं २०१५-१६ मध्ये १,००० टन वजनाचे फ्रिज विकले आणि फ्रिजचं सरासरी आयुष्य १० वर्षं धरलं. मग ते फ्रिज २०२५-२६ मध्ये भंगारात निघणार. त्या वर्षीचं लक्ष्य ७० टक्के आहे, म्हणून कंपनीनं ७०० टनांच्या पुनर्चक्रणाचा पुरावा द्यायचा. पहिल्या दोन वर्षांसाठी हा आकडा ६० टक्के होता, २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. शेकडेवारीच्या धड्याला यापेक्षा जिवंत गणित मिळणार नाही.

पुरावा म्हणजे काय? तर प्रमाणपत्र. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यानं प्रत्यक्षात किती सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम बाहेर काढलं, त्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याला प्रमाणपत्रं मिळतात. कंपनी ती त्याच्याकडून विकत घेते. कारखान्याचा जो जादा खर्च होता तो असा कंपनीच्या पैशातून भरून निघायचा आणि मग त्याला भंगाराच्या बाजारात बरा भाव देता यायचा, अशी ही योजना. मुलाच्या प्रश्नाचं कायद्यानं दिलेलं उत्तर हेच: भंगारवाल्याशी भावात टक्कर देऊ शकेल असा प्रामाणिक गिऱ्हाईक उभा करायचा.

लक्ष्य चुकलं तर पर्यावरण भरपाई भरावी लागते आणि ती भरली म्हणून जबाबदारी सुटत नाही. राहिलेलं काम एका वर्षात पूर्ण केलं तर भरपाईतले ८५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षी ६० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के. मला ही रचना आवडते. उशिरा का होईना वही पूर्ण करणाऱ्या मुलाला काही गुण देण्यासारखी आहे.

सगळं सुरळीत चाललंय असं मात्र नाही. प्रमाणपत्रं फार स्वस्तात विकली जाऊ लागली तर प्रामाणिक कारखान्याचा खर्च निघणार नाही, म्हणून २०२४ मध्ये किमान भाव ठरवण्यात आला. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तो किलोला २२ रुपये आहे. काही मोठ्या उत्पादक कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भांडण झालं याचा अर्थ कायदा कुठेतरी चिमटा काढतोय, एवढं नक्की.

आणखी एक कलम, ज्याची चर्चा कमी होते पण माझ्या मते जे फार मोलाचं आहे. नव्या वस्तूत शिसं, पारा, सहा संयुजेचं क्रोमियम आणि ब्रोमीनची ठरावीक संयुगं ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आपल्याकडे मे २०१४ पासून आहे. काही ठरावीक वस्तूंना सूट आहे. पण मुळात विषच कमी घातलं तर पुढे कुणीही फोडो, धोका तेवढा कमी.

शाळा यात कुठे बसते?

आता आपल्या दाराशी येऊ. २०१६ च्या नियमांत 'मोठे ग्राहक' म्हणून ज्यांची नावं होती त्यांत शैक्षणिक संस्थाही होत्या. २०२२ च्या नियमांत व्याख्या बदलली. वर्षात केव्हाही यादीतल्या किमान १,००० वस्तू वापरात असलेली संस्था तेवढी मोठी ग्राहक. मोठ्या ग्राहकानं आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा असतो. दहा-बारा संगणकांची आपली शाळा यातून सुटली, आणि घराघरांतले ग्राहकही. कायद्याची ही वीण मला सैल वाटते. कारण वस्तू निघतात त्या घरातून आणि शाळेतून, आणि तिथे तर अजूनही 'जो जास्त देईल त्याला द्या' हाच नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद ठेवून गोळा झाला व पुनर्चक्रणाला गेला. बाकीचा असाच हातोहात गेलेला, पुरलेला, नाहीतर कपाटात पडलेला.

शाळेतल्या बंद संगणकांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद असते, निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत हलवता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं स्टोअर रूममध्ये बेंचच्या तुकड्यांखाली ते पडून राहतात. शेवटी मंजुरी येते आणि एकदम सगळं लिलावात जातं. इथे एक वाक्य फार काम करतं. दरपत्रक मागवतानाच अट घाला, की घेणारा केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेला पुनर्चक्रण करणारा असावा, त्यानं नोंदणीची प्रत जोडावी आणि वजनासह पावती द्यावी. ही अट घालण्यापूर्वी निर्लेखनाची मंजुरी देणाऱ्या कार्यालयाशी बोलून घ्या. चार पैसे कमी येतील हे आधीच शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा, नाहीतर नंतर मुख्याध्यापकांनाच जाब द्यावा लागतो.

एका शाळेचा माल इतका थोडा असतो की त्यासाठी गाडी येत नाही. केंद्रातल्या दहा-बारा शाळांनी मिळून केंद्रशाळेत एकत्र ठेवला तर येऊ शकते. शिक्षण परिषदेत विषय काढून बघा.

संगणक देण्याआधी हार्ड डिस्क पुसून घ्या किंवा काढून घ्या. तिच्यात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची बँक खाती, पालकांचे फोन नंबर असतात. फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असं होत नाही.

दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करून वापरणं केव्हाही चांगलं, नियमांतही दुरुस्ती करणाऱ्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. आणि गोळा करणाऱ्यांना सोबत घेऊन काम होऊ शकतं हे पुण्यानं दाखवलंय. तिथे कागद-काच वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, त्यातून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली आणि दारोदार जाणारी तीच माणसं ई-कचराही घेतात. या क्षेत्रातल्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्य यांची जबाबदारी नियमांनी राज्यांवर टाकलेली आहे. तुमच्या गावच्या भंगारवाल्याला एकदा वर्गात बोलवा. कोणता धातू काय भावानं जातो, हे तो आपल्यापेक्षा चांगलं सांगेल, आणि माल पुढे कुठे जातो हेही मुलांनी त्यालाच विचारावं.

शेवटी, संकलन मोहिमेबद्दल. बऱ्याच शाळा 'ई-कचरा गोळा करा' अशी स्पर्धा घेतात. उत्साह चांगला, पण मुलांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊ नका. पिक्चर ट्यूब फुटली तर काच उडते, फुटलेल्या सीएफएलमधून पारा बाहेर येतो. आतली पाटी दाखवायचीच असेल तर बॅटरी काढलेला जुना बटणाचा फोन शिक्षकांनीच उघडून दाखवावा. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच पण वेगळे नियम आहेत, म्हणून त्यांचा डबा वेगळा ठेवा. लिथियम बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि डबा उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी असेल तर ती दाबायची नाही, टोचायची नाही, आणि मुलांच्या दप्तरातून पाठवायची नाही. ती पालकांनी स्वतः आणून द्यावी.